मोटारसायकल प्रतिकृती संच

मोटारसायकल प्रतिकृती संच म्हणजे खऱ्या मोटारसायकलीची मापे ठरावीक प्रमाणात लहान करून बनवलेल्या सुट्या भागांचा संच होय. हे भाग मुख्यत्वे पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे असतात. ते कापणे, घासणे, रंगवणे आणि चिकटवणे ही सर्व कामे संच घेणाऱ्याने स्वतः करावयाची असतात. बाजारात तयार मिळणाऱ्या धातूच्या छोट्या गाड्यांपासून हा प्रकार याच कारणाने वेगळा ठरतो. विमाने, रणगाडे व मोटारगाड्या यांच्या तुलनेत मोटारसायकलींचे संच संख्येने कमी असले तरी जपान, इटली, ब्रिटन, अमेरिका आदी देशांत त्यांचा स्वतंत्र छंदीवर्ग आहे.

मोटारगाडीचे यंत्र बॉनेटखाली झाकले जाते. मोटारसायकलीचे यंत्र उघड्यावर असते. इंजिनच्या पाकळ्या, कार्ब्युरेटर, साखळी, ब्रेकच्या नळ्या, क्लचची तार असे सर्व काही पाहणाऱ्याच्या नजरेसमोर राहते. त्यामुळे प्रतिकृतीत चूक लपवण्यास फारशी जागा उरत नाही. मोटारगाड्यांच्या संचांवर हात बसलेल्या छंदिष्टालाही मोटारसायकलीचा पहिला संच अनपेक्षितपणे अवघड जातो, तो बहुधा यामुळेच.

प्रमाण

सर्वाधिक प्रचलित प्रमाण १/१२ हे आहे. खरी मोटारसायकल २.१ मीटर लांब असेल तर या प्रमाणात तिची लांबी साडेसतरा सेंटिमीटर भरते. १/९ प्रमाणात ती सुमारे २३ सेंटिमीटर, तर १/६ प्रमाणात ३५ सेंटिमीटर होते. लष्करी दृश्यरचनांसाठी १/३५ हे प्रमाण वापरतात. त्यात हीच गाडी केवळ ६ सेंटिमीटरची असते.

प्रमाणाचा अर्थ केवळ लांबीपुरता नाही. १/१२ प्रतिकृतीवर राहिलेली एक मिलिमीटरची फट म्हणजे खऱ्या गाडीवर बारा मिलिमीटरची फट. रंगाचा थर ०.१ मिलिमीटर जाडीचा झाला, तर खऱ्या टाकीवर सव्वा मिलिमीटरच्या आसपास लेप चढवल्यासारखे ते दिसते. कडा बोथट होतात, पाकळ्यांमधील खाचा बुजतात आणि प्रतिकृती खेळण्यासारखी भासू लागते. पातळ रंगाचे अनेक हात देण्याचा आग्रह या गणितातून आला आहे.

इतिहास

जपानमधील शिझुओका हे शहर प्लॅस्टिक प्रतिकृती उद्योगाचे मोठे केंद्र मानले जाते. तामिया, हासेगावा व आओशिमा या कंपन्या याच शहरातील वा त्याच्या परिसरातील असून त्यांची सुरुवात लाकडाच्या कामापासून झाली. तामियाची स्थापना १९४६ साली लाकूड व्यवसाय म्हणून झाली. पुढे ती लाकडी प्रतिकृतींकडे वळली आणि १९६० साली तिने ‘यामातो’ या युद्धनौकेचा पहिला प्लॅस्टिक संच बाजारात आणला. तामियाच्या १/६ प्रमाणातील मोठ्या मोटारसायकलींच्या मालिकेत होंडा सीबी ७५० फोरसारख्या गाड्या आहेत. १/१२ मालिकेत रस्त्यावरच्या व शर्यतीच्या अशा दोन्ही प्रकारच्या गाड्यांचा समावेश होतो. हासेगावाने आपल्या १/१२ मालिकेत १९८० च्या दशकातील शर्यतीच्या यामाहा व होंडा गाड्यांवर, तसेच कावासाकी केएच ४०० सारख्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांवर भर दिला आहे.

युरोपातील परंपरा निराळी आहे आणि तिच्यामागे एका शर्यतपटूचे आयुष्य आहे. इटलीचे तार्क्विनियो प्रोविनी यांनी १९५७ साली मोंदियाल मोटारसायकलीवर १२५ सीसी गटाचे, तर १९५८ साली एमव्ही आगुस्टावर २५० सीसी गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले. १९६६ साली आइल ऑफ मॅन येथील टीटी स्पर्धेच्या वेळी झालेल्या अपघातात त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली आणि त्यांची शर्यतीची कारकीर्द संपली. त्यानंतर त्यांनी प्रतिकृती संचांच्या व्यवसायाला वाहून घेतले. त्यांच्या कंपनीचे ‘प्रोतार’ हे नाव त्यांच्याच आडनावाच्या व नावाच्या आद्याक्षरांपासून बनले आहे. प्रोतारच्या १/९ संचांत इटालियन व ब्रिटिश शर्यतीच्या गाड्यांचा मोठा भरणा होता. यातील बरेच संच पुढे इटालेरी या इटालियन कंपनीने पुन्हा बाजारात आणले. या संचांचे साचे जुने असल्याने भाग एकमेकांत चपखल बसत नाहीत, घासकाम अधिक करावे लागते. मात्र त्यांतील कित्येक गाड्यांची प्रतिकृती अन्य कोणीच काढलेली नाही, म्हणून जाणकार ते आजही घेतात.

अलीकडे चीनमधील मेंग या कंपनीने १/९ प्रमाणात कावासाकी निंजा एच२आर, बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस अशा आधुनिक गाड्या काढल्या असून त्यांच्या काही आवृत्त्यांत भाग आधीच रंगीत असतात. नवशिक्याला त्यांचा उपयोग होतो. रंगकाम हाच छंदाचा गाभा मानणाऱ्यांना मात्र ही सोय रुचत नाही.

जुळणी

संचातील भाग प्लॅस्टिकच्या काड्यांच्या जाळीला जोडलेले असतात. या जाळीला छंदिष्ट ‘स्प्रू’ म्हणतात. भाग ओढून तोडल्यास प्लॅस्टिकचा लचका निघतो. म्हणून धारदार कटरने थोडे अंतर राखून पहिला काप घेतात, दुसरा काप भागालगत घेतात आणि उरलेला कोंब पॉलिश पेपरने घासून काढतात. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे प्रत्येक भागावर एक बारीक शिवण उमटते. सायलेन्सरची नळी, पुढचे फोर्क व हँडल यांवरील ही शिवण काढली नाही, तर पुढचे सर्व रंगकाम वाया गेल्यासारखे होते, कारण चकचकीत रंगाखाली ती अधिकच उठून दिसते.

पॉलिस्टायरीनसाठी वापरला जाणारा पातळ द्रव डिंकाप्रमाणे चिकटवण्याचे काम करत नाही. तो प्लॅस्टिक विरघळवतो आणि दोन पृष्ठभाग एकजीव करतो. एका अर्थी ते जोडकाम वेल्डिंगच्या जवळचे आहे. साहजिकच जोडावयाच्या पृष्ठभागावरील रंग वा क्रोमचा मुलामा आधी खरवडून काढावा लागतो. धातूच्या भागांसाठी सायनोॲक्रिलेट, म्हणजे रोजच्या बोलण्यातील ‘फेविक्विक’ जातीचे गोंद वापरतात. त्याच्या वाफेने पारदर्शक भागांवर पांढरट धुके येते, म्हणून पुढच्या काचेसाठी व दिव्यांसाठी तो टाळतात.

संचातील क्रोमचे भाग हा वादाचा विषय आहे. खऱ्या गाडीवरील क्रोमपेक्षा हा मुलामा भडक दिसतो आणि त्यावर शिवण तशीच राहते. अनुभवी छंदिष्ट कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचमध्ये भाग बुडवून मुलामा उतरवतात, शिवण घासतात आणि चकचकीत काळ्या रंगावर धातूच्या छटेचा रंग फवारतात.

मोटारसायकलीच्या जुळणीत क्रमाला विशेष महत्त्व आहे. इंजिन फ्रेमच्या नळ्यांमध्ये अडकते, स्विंगआर्ममध्ये चाक अडकते, आणि एकदा अडकलेल्या भागाच्या मागे ब्रश पोहोचत नाही. यासाठी काम सुरू करण्यापूर्वी भाग न चिकटवता जुळवून पाहतात आणि कोणता भाग केव्हा रंगवायचा याची नोंद करतात. पत्रकातील क्रम हा जुळणीचा क्रम असतो, रंगकामाचा नव्हे; नवशिक्यांची सर्वाधिक फसगत येथे होते. तामियाच्या होंडा आरसी १६६ या १/१२ संचात हे प्रकर्षाने जाणवते. १९६६ व १९६७ साली माइक हेलवुड यांनी जिंकलेल्या २५० सीसी विजेतेपदांमागील या सहा सिलिंडरच्या गाडीला सहा एक्झॉस्ट नळ्या आहेत. फेअरिंग बसवल्यावर त्यांतील बराच भाग झाकला जातो, तरीही बहुतेक जण त्या पूर्ण रंगवतात.

रंगकाम

रंगाचे तीन मुख्य प्रकार वापरात आहेत: लॅकर, ॲक्रिलिक व एनॅमल. लॅकर लवकर वाळतो व त्याचा थर कणखर असतो. एनॅमल सावकाश वाळतो, त्यामुळे खाचांत सोडलेला पातळ काळा वा तपकिरी रंग नंतर पुसून घेता येतो. या दोन गुणांची सांगड घालून खाली लॅकर व वर एनॅमल अशी पद्धत रूढ झाली. उलट क्रमाने काम केल्यास लॅकरचे तीव्र विद्रावक खालचा थर सुरकुतवतात. न रंगवलेल्या आणि ताणाखाली असलेल्या प्लॅस्टिकवर एनॅमलचे थिनर मुरले, तर तो भाग तडकतो. घट्ट बसवलेल्या नळ्यांच्या टोकांशी हे अनेकदा घडते आणि त्यावर उपाय नसतो.

इंजिनला एकच चंदेरी रंग देणे ही सर्वांत सहज दिसणारी उणीव होय. खऱ्या इंजिनात ओतीव ॲल्युमिनियम, घासून चमकवलेली झाकणे, काळे सिलिंडर व पोलादी बोल्ट या सर्वांची चमक निरनिराळी असते. टायटॅनियमच्या सायलेन्सरवर उष्णतेने उमटणारी पिवळी, जांभळी व निळी झाक पारदर्शक रंगांच्या विरळ फवाऱ्यांनी साधतात. टाकी व फेअरिंग यांचा लाल वा पिवळा रंग उजळ यावा म्हणून खाली पांढरा वा गुलाबी थर देतात. संचातील प्लॅस्टिकच लाल असेल तर तो रंग वरच्या पांढऱ्या थरात झिरपून गुलाबी डाग पडू शकतात; चंदेरी थराने हा झिरपा अडवतात.

पाण्यात भिजवून सोडवायच्या चित्रपट्ट्यांना डेकल म्हणतात. टाकीच्या दुहेरी वक्रतेवर त्या सुरकुततात, तेव्हा गरम पाणी व मऊ करणारा द्रव यांच्या साहाय्याने त्या हळूहळू बसवतात. शर्यतीच्या गाड्यांबाबत एक ऐतिहासिक अडचण आहे. १९८० व १९९० च्या दशकांतील अनेक प्रसिद्ध गाड्यांचे प्रायोजक तंबाखू कंपन्या होत्या. पुढील काळात बऱ्याच संचांतून ही नावे वगळण्यात आली. पेटीतल्या डेकलनी केलेली गाडी म्हणूनच अनेकदा त्या काळच्या छायाचित्रांशी जुळत नाही, आणि छंदिष्ट छोट्या उत्पादकांकडून वेगळे डेकल घेतात. सिगारेटची जाहिरात पुन्हा मिरवावी की इतिहास अर्धा दाखवावा, यावर मंडळांत एकमत नाही.

हवामानाचाही संबंध येतो. दमट हवेत फवारलेला लॅकर वाळताना थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि चकचकीत थर दुधाळ पडतो. मुंबई, कोकण व गोव्यात पावसाळ्याचे महिने म्हणूनच घासकाम व जुळणीसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते. वाळण्याचा वेग कमी करणारे द्रव्य मिसळूनही हा दोष काहीसा आवरता येतो.

आरोग्य

लॅकरची विद्रावके श्वासावाटे शरीरात जातात आणि मज्जासंस्थेवर परिणाम करतात. डोके जड होणे वा गरगरणे ही त्याची पहिली लक्षणे होत. कापडी वा धुळीचा मास्क रंगाचे कण काही प्रमाणात अडवतो, वाफ अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाची डबी असलेला मास्क लागतो. टाकीवर काचेसारखी चमक आणण्यासाठी काही जण मोटारगाड्यांसाठी बनवलेले दोन घटकांचे पारदर्शक लॅकर वापरतात. त्यातील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो आणि एकदा संवेदनशीलता आली की अल्प मात्राही त्रास देते. बंद खोलीत, विशेषतः लहान मुले असलेल्या घरात, हे काम करू नये. रेझिनचे भाग ओले करून घासावेत, म्हणजे त्यांची बारीक धूळ हवेत उडत नाही.

छंदिष्टांची मंडळे

हे काम एकट्याने टेबलापाशी बसून करण्याचे असले तरी कौशल्य मात्र बहुतांशी इतरांकडून येते. एअरब्रशमध्ये रंग किती पातळ असावा हे पत्रक वाचून कळत नाही; दुसऱ्याच्या वाटीतला रंग कडेवरून कसा ओघळतो ते पाहून कळते. ब्रिटनमध्ये १९६३ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय प्लॅस्टिक मॉडेलर्स सोसायटीच्या शाखा पुढे अनेक देशांत निघाल्या. तिचे ब्रिटनमधील वार्षिक प्रदर्शन टेलफर्ड येथे भरते. शिझुओकातील वार्षिक हॉबी शोमध्ये कंपन्यांच्या नव्या संचांबरोबर छंदिष्ट मंडळांच्या कामांचेही मोठे प्रदर्शन असते.

मंडळांत ‘समूहजुळणी’ची पद्धत आहे. सर्वांनी एकच संच वा एकच विषय घेऊन ठरलेल्या मुदतीत पूर्ण करावयाचा असतो. एका पेटीतून निघालेल्या दहा गाड्या शेजारी ठेवल्यावर प्रत्येकाच्या हाताचा फरक स्पष्ट दिसतो. स्पर्धांत परीक्षक प्रथम मूलभूत गोष्टी पाहतात: शिवण राहिली आहे का, दोन्ही चाके एका रेषेत आहेत का, गोंदाचे डाग आहेत का. जोडीला घेतलेले महागडे धातूचे भाग त्यानंतर विचारात येतात. वाकडे चाक असलेली गाडी तीनशे सुट्या भागांच्या साखळीनेही तरत नाही.

भारतातील स्थिती

आंतरराष्ट्रीय जकात वर्गीकरणात प्रमाणबद्ध प्रतिकृती खेळण्यांसोबत ९५०३ या शीर्षकाखाली येतात. त्यामुळे खेळण्यांवरील आयातशुल्काचा भार या संचांवरही पडतो. २०२० च्या अर्थसंकल्पात हे शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के, आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के करण्यात आले. याशिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झाला. देशी खेळणी उद्योगाला संरक्षण देणे हा या धोरणाचा हेतू होता. मात्र शिझुओकाच्या संचाला तोलाचा देशी पर्याय उपलब्ध नसल्याने विद्यार्थी छंदिष्टांसाठी या छंदाचे दार अरुंद झाले. जुने, अर्धवट राहिलेले संच आपसांत देण्याघेण्याची प्रथा येथे म्हणूनच उपयोगाची ठरते.

भारतीय गाड्यांची उणीवही जाणवते. रॉयल एनफील्डने २०२२ साली क्लासिक ५०० ची १/३ प्रमाणातील प्रतिकृती विक्रीस आणली, पण ती तयार स्वरूपात होती, जुळणीचा संच नव्हे. पुण्याच्या आकुर्डी कारखान्याशी जोडल्या गेलेल्या बजाज चेतकचे मूळ वेस्पा स्प्रिंटमध्ये आहे. इटालेरीचा १/९ वेस्पा संच प्रिमावेरा या मॉडेलचा असून तिचा सांगाडा लहान व बाजू अखंड आहेत. स्प्रिंट व चेतक यांना काढता येणारे फुगीर साइड पॅनेल असतात. त्यामुळे केवळ रंग व नंबरप्लेट बदलून प्रिमावेराची चेतक होत नाही. त्यासाठी दोन्ही बाजू कापून प्लॅस्टिकच्या पत्र्यावर पुट्टी चढवून नवे पॅनेल घडवावे लागतात, आणि मापे घेण्यासाठी एखादी जुनी चालती चेतक गाठावी लागते.