गंजलेला ट्रेलर बदलताना

अमेरिकेत शिडाची छोटी होडी बाळगणारे कितीतरी लोक ती धक्क्याला बांधून ठेवत नाहीत. होडी घराच्या अंगणात, ट्रेलरवर. सुट्टी आली की गाडीला जोडायची आणि तळ्यावर किंवा खाडीवर न्यायची. अशा होड्यांमध्ये कॅटॅलिना 22 फार लोकप्रिय. 1969 पासून 15,000हून जास्त बांधल्या गेल्या. सत्तरच्या दशकातल्या कित्येक आजही पाण्यात उतरतात, कारण फायबरग्लास गंजत नाही. खालचा लोखंडी ट्रेलर मात्र गंजतो.

गंज आतून येतो

वरचा रंग पाहून निकाल देऊ नका. चौकट बहुधा चौकोनी पोकळ नळीची असते. होडी उतरवताना ट्रेलर पाण्यात जातो, खारं पाणी नळीत शिरतं आणि पुरतं बाहेर निघत नाही. मग गंज नळीला आतून खात जातो. हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर तिथे पेचकस टोचून पाहा. पाटे, यू-बोल्ट, ॲक्सलजवळचे जोड आणि ब्रेकच्या नळ्या या जागा आधी तपासाव्यात.

नुसता पापुद्रा निघत असेल तर घासून रंग द्यावा. चौकटीला भोक पडलं असेल तर वेल्डिंगचं ठिगळ लावण्यात अर्थ नाही. ठिगळाच्या कडेचा पत्राही तितकाच पातळ झालेला असतो.

जर्मनची चौकट

आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना ‘जर्मनची भांडी’ म्हणतात. ती गंजत नाहीत हे घराघरांत ठाऊक आहे. हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर धरतो आणि तोच आतल्या धातूला राखतो. शिवाय त्याची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. पण ताठपणाही एक तृतीयांशच, म्हणून ॲल्युमिनियमच्या नव्या ट्रेलरच्या तुळया जास्त उंच, इंग्रजी ‘आय’च्या आकाराच्या असतात आणि बहुतेक ठिकाणी वेल्डिंगऐवजी बोल्टने जोडलेल्या असतात. पोकळ नळीच नसल्याने पाणी अडकत नाही. माझ्या मते हा फायदा वजनापेक्षा मोठा.

फक्त गोड्या पाण्यात जात असाल, तर वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला पोलादी ट्रेलर स्वस्त पडतो आणि पुरतोही.

दोन धातूंचं भांडण

ॲल्युमिनियमचा ट्रेलर म्हणजे सगळंच ॲल्युमिनियम नव्हे. ॲक्सल बहुधा पोलादीच असतो, फार तर जस्ताचा मुलामा दिलेला. खाऱ्या पाण्यात स्टेनलेसचा बोल्ट ॲल्युमिनियमला टेकला की ॲल्युमिनियम झिजू लागतं; मध्ये प्लास्टिकचा वॉशर हवा. होडी टेकवायच्या फळ्यांचीही तीच गोष्ट. कीड लागू नये म्हणून लाकडात मुरवलेल्या औषधात अनेकदा तांबं असतं आणि तांब्याचं ॲल्युमिनियमशी अजिबात जमत नाही. अशी फळी थेट चौकटीवर ठोकू नये. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुणं नव्या ट्रेलरलाही चुकत नाही.

कीलचं माप

मोटारबोटीचा ट्रेलर स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. शिडाच्या होडीला खाली कील, म्हणजे पाण्यात खोल जाणारं जड पातं, असते. कॅटॅलिना 22ची वर-खाली होणारी कील ओतीव लोखंडाची, सुमारे 250 किलोची. वर उचलली तरी होडीला साधारण दोन फूट पाणी लागतं. रस्त्यावर ही कील ट्रेलरवरच्या आधारावर टेकलेली हवी, तारेला लटकलेली नको. उतरवतानाही होडी तरंगायला ट्रेलर खोल न्यावा लागतो, म्हणून पुढचा दांडा लांबवता येईल असा मागवा.

वजन मोजताना इंजिन, डोलकाठी, नांगर, बॅटरी आणि ट्रेलर स्वतः, सगळं धरा. नुसती होडीच टनभर असते. अनेक राज्यांत एकूण भार 3,000 पौंडांच्या, म्हणजे 1,360 किलोंच्या वर गेला की ट्रेलरला ब्रेक सक्तीचे, आणि इथे तो सहज जातो.

अदलाबदल

सोपी रीत पाण्यातली: जुन्यावरून होडी उतरवा, धक्क्याला बांधा, रिकामा ट्रेलर बाजूला नेऊन नवा आत घाला. जुना ट्रेलर रस्त्यावर न्यायच्या लायकीचा नसेल, तर क्रेनच्या पट्ट्यांत होडी उचलून धरायची आणि खालचा ट्रेलर बदलायचा. अंगणात जॅक लावून हेच करणारे हौशी आहेत. टनभर वजनाखाली हात घालायची हौस मला नाही.

होडी बसली की हूकवर येणारा भार तपासा. एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के असावा. फार कमी असेल तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. होडी ट्रेलरवर ओढून घेणाऱ्या विंचचा खांब पुढे-मागे सरकवून हा हिशोब जुळतो.

आणि जुना ट्रेलर भंगारात देण्याआधी टेप घेऊन बसा. कीलचा आधार, फळ्यांमधलं अंतर, खांबाची उंची ही मापं टिपून ठेवा; नव्यावर आधार बसवताना तीच लागतील.