तोंडावरून वारं जातं तेव्हा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी होते. एके सकाळी आईने चहाचा घोट घेतला आणि तो ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून पदरावर सांडला. तोंड डावीकडे ओढलेले, उजवा डोळा मिटत नव्हता. "वारं गेलं गं तुझ्यावरनं," आजी म्हणाली. शेजारच्या काकूंनी बाहेरचे असल्याचे निदान केले. अंगारा, उतारा यांत आठ दिवस गेले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पण त्या आठ दिवसांत मीही गप्प राहिले. म्हणून हा लेखप्रपंच.

चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला हालचाल देणारी एक नस असते. ती मेंदूतून निघून कानामागच्या हाडातील अरुंद बोगद्यातून बाहेर येते आणि कपाळ, पापणी, गाल, ओठ यांना फांद्या देते. तिला सूज आली की त्या बोगद्यात ती दाबली जाते आणि चेहऱ्याची ती बाजू लुळी पडते. सर चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यवैद्याच्या नावावरून या विकाराला 'बेल्स पाल्सी' म्हणतात. सुप्त विषाणू जागा होणे हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. मधुमेही व गरोदर स्त्रियांना याचा धोका अधिक. नजर लागण्याशी याचा काडीचाही संबंध नाही.

मात्र प्रत्येक वाकडे तोंड म्हणजे हाच विकार नव्हे. रोग्याला कपाळाला आठ्या घालायला सांगावे. नसेचा विकार असेल तर त्या बाजूच्या कपाळावरही आठी पडत नाही. मेंदूच्या झटक्यात बहुधा आठ्या पडतात, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळते. पण केवळ या परीक्षेवर विसंबून घरी थांबू नये. हातपाय लुळे पडले, बोलणे अडखळले, तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कानात दुखून फोड आले असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे.

बेल्स पाल्सीवर सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या, तर नस पूर्ववत होण्याची शक्यता वाढते. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात; मधुमेह असल्यास तसे आधी सांगावे. बहुतेक रोगी काही आठवड्यांत वा महिन्यांत बरे होतात.

याहून महत्त्वाचा डोळा! पापणी मिटत नाही, म्हणून बुबुळ कोरडे पडून त्याला जखम होते. दिवसा ओलावा देणारे थेंब व चष्मा, रात्री मलम लावून पापणी अलगद चिकटपट्टीने बंद करणे, एवढे केले तरी दृष्टी वाचते.

नसेला मार लागूनही असे होते. येवल्यात जन्मलेल्या अभिनेत्री ललिता पवार १९४२ साली एका चित्रीकरणात बसलेल्या जोरदार थपडीने अशाच जायबंदी झाल्या. सुमारे तीन वर्षे उपचार चालले. डावा डोळा मात्र कायमचा बारीक राहिला. नायिकेच्या भूमिका संपल्या. परंतु बाई खचल्या नाहीत. आपल्या कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेल्या 'प्रभात'च्या 'रामशास्त्री'त (१९४४) त्या आनंदीबाई झाल्या. 'अनाडी'साठी (१९५९) त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला आणि दूरदर्शनच्या 'रामायण'मधली त्यांची मंथरा घराघरांत पोहोचली.

माझ्या आईला कुणी पुरस्कार देणार नाही. नवव्या दिवशी आम्ही तिला दवाखान्यात नेले. चेहरा बराचसा सरळ झाला, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला. आता भांगलणीला गेल्यावर बायकांत हसताना ती पदर तोंडावर घेते.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकजण खेड्यांतून येतात. घरात सगळे "वारं गेलं" म्हणून हातपाय गाळून बसतील, तेव्हा शिकलेल्या मुलाने वा मुलीने गप्प राहू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.