आंबेडकरी जलसा, गायन पार्टी आणि लोकाश्रय : मान्दे वाद्यवृंदांच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : जलसा, गायन पार्टी, भीमगीत, लोकाश्रय, नाममुद्रा, मान्दे संगीत

प्रास्ताविक

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीनिमित्त बुलडाणा जिल्ह्यात खामगाव, मेहकर, चिखली यांसारख्या शहरांपासून लहान खेड्यांतील वस्त्यांपर्यंत भीमगीतांचे कार्यक्रम होतात. पेटी, ढोलक, बेंजो, झांज, एक मुख्य गायक किंवा गायिका आणि मागे साथ देणारा कोरस अशा संचाला ‘गायन पार्टी’ म्हणण्याचा प्रघात आहे. या प्रयोगप्रकाराचे विवेचन बहुधा प्रबोधनाच्या अंगाने केले जाते. गायकाचा चरितार्थ कोण चालवतो आणि गायक कोणाचे गुणगान करतो, या दोन प्रश्नांचा परस्परसंबंध मात्र फारसा तपासला जात नाही. प्रस्तुत लेखात हा संबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे. तुलनेसाठी पश्चिम आफ्रिकेतील मान्दे संगीताचा आधार घेतला आहे, कारण तेथेही वंशपरंपरेने गाणाऱ्या समाजातून आधुनिक वाद्यवृंद उभे राहिले.

पार्श्वभूमी : लादलेली कला

पारंपरिक ग्रामव्यवस्थेत वाजवणे व गाणे ही अनेक जातींच्या वाट्याला आलेली सेवा होती. लग्नाची वाजंत्री, मिरवणुकीतील डफ-हलगी, तमाशातील ढोलकी व तुणतुणे ही कामे प्रामुख्याने मांग, महार व अन्य दलित जातींतील कलावंत करीत. त्यांच्या कलेवाचून गावाचा सण पार पडत नसे. परंतु कलावंताला मात्र गावकुसाबाहेरच राहावे लागे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना केली. या चळवळीतून सत्यशोधक जलसा निर्माण झाला. त्याने तमाशाचा सांगाडा कायम ठेवून आशय बदलला. हाच धागा १९३० च्या दशकात आंबेडकरी जलशाने पुढे नेला. नाशिक येथील काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. त्याच जिल्ह्यातील भीमराव कर्डक यांनी याच सुमारास जलसा उभा करून गावोगावी प्रयोग केले. गण, गौळण, बतावणी व वग ही अंगे प्रेक्षकांच्या परिचयाची होती. गणातील देवतास्तुतीच्या जागी विचार आला, शृंगार मागे पडला आणि वगात अस्पृश्यता, सावकारी व शिक्षण हे विषय आले. ज्या कलेने कलावंताला खालचे स्थान दिले होते, त्याच कलेतून त्याने त्या स्थानाला प्रश्न विचारला, हे या परिवर्तनाचे मर्म होय.

जलशाकडून गायन पार्टीकडे

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वगनाट्याचे महत्त्व कमी होत गेले व स्वतंत्र गीत पुढे आले. या कालखंडाचे सर्वांत प्रभावी नाव वामनदादा कर्डक (१९२२-२००४) हे होय. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेल्या वामनदादांना अक्षरओळख मुंबईत, प्रौढ वयात झाली. १९४३ पासून त्यांनी गीते रचली आणि आयुष्यभर ते महाराष्ट्रात फिरत राहिले. त्यांची गीते असंख्य पार्ट्यांनी उचलली. विठ्ठल उमप (१९३१-२०१०) यांनी लोककलेच्या अनेक प्रकारांतून हा आशय मांडला, तर प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) यांच्या आवाजात विठ्ठलभक्तीची गीते व भीमगीते दोन्ही लोकप्रिय झाली. १९८० च्या दशकात ध्वनिफितींचा प्रसार झाला आणि वस्तीतील गाणे बाजारात पोहोचले.

कव्वालीच्या धर्तीवर दोन पार्ट्यांमध्ये होणारा सामना हे या परंपरेचे वैशिष्ट्य होय. एका पार्टीने गीतातून प्रश्न टाकावा, दुसरीने त्याचे उत्तर द्यावे. गाणे रंगले की श्रोते बक्षीस देतात आणि देणाऱ्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून जाहीर होते. कार्यक्रमाचा मूळ खर्च मात्र वस्तीच्या वर्गणीतून भागवला जातो.

मान्दे परंपरा : एक तुलना

माली, गिनी व लगतच्या प्रदेशांतील मान्दे भाषिक समाजांत ‘जेली’ हा वंशपरंपरागत गायक-इतिहासकथकांचा वर्ग आहे. तेराव्या शतकातील माली साम्राज्याचा संस्थापक सुंजाता याची गाथा त्यांनी मौखिक परंपरेने जपली. कोरा, बालाफोन व न्गोनी ही त्यांची वाद्ये. आश्रयदात्याच्या कुळाची स्तुती करणे व त्याबदली देणगी स्वीकारणे, ही जेलीची रीत होय.

गिनी १९५८ मध्ये स्वतंत्र झाल्यावर राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे यांच्या राजवटीने शासकीय खर्चाने वाद्यवृंद उभारले. त्यांपैकी ‘बेंबेया जाझ’ला १९६६ मध्ये राष्ट्रीय वाद्यवृंदाचा दर्जा मिळाला. गिटार व तुतारीसारख्या वाद्यांवर जुन्या गाथा वाजू लागल्या. स्तुतीचा विषय कुळाऐवजी राष्ट्र झाला. मालीत बामाकोच्या रेल्वे स्थानकावरील हॉटेलात १९७० मध्ये ‘रेल बँड’ सुरू झाला. त्याचा गायक सालिफ केइता हा राजकुळातील असल्याने गाणे हे त्याच्या कुळाला कमीपणाचे मानले गेले. त्याच वाद्यवृंदातील मोरी कान्ते हा मात्र जन्माने जेली होता.

ही तुलना उद्बोधक ठरते. मान्दे समाजात उच्च कुळातील व्यक्तीने गाणे हे मर्यादेचे उल्लंघन होते. महाराष्ट्रात सेवा म्हणून गाणाऱ्यांनी स्वतःच्या मुक्तीसाठी गाणे, हे उल्लंघन ठरले. जेली देणाऱ्याच्या कुळाची स्तुती करतो. गायन पार्टीत देणाऱ्याचे नाव केवळ पुकारले जाते, गीताचा नायक मात्र सर्वांचा एकच असतो. त्यामुळे कोणत्याही एका धनिकाला गीत विकत घेता येत नाही.

लोकाश्रयाची मर्यादा

शासकीय आश्रयाने गिनीतील वाद्यवृंदांना वेतन व वाद्ये दिली, पण राजवटीची स्तुतीही त्यांच्याकडून अपेक्षित ठेवली. १९८४ मध्ये तुरे यांच्या निधनानंतर हा आधार नाहीसा झाला. वर्गणीवर उभ्या असलेल्या गायन पार्टीला असा धनी नव्हता. त्यामुळे तिला बोलण्याचे स्वातंत्र्य लाभले, परंतु स्थैर्य लाभले नाही. जयंतीचा हंगाम संपला की गायकाला मजुरीकडे वळावे लागते. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकावर बंदी घालणारे नियम २००० मध्ये आल्यापासून रात्रभराच्या सामन्यांनाही मर्यादा पडली.

गीताच्या मालकीचा प्रश्न याहून बिकट आहे. गीत वहीतून वहीत व कंठातून कंठात जात असताना रचनाकाराचे नाव टिकवण्याचा एकच उपाय होता. तो म्हणजे शेवटच्या कडव्यातील नाममुद्रा. वामनदादांच्या गीतांतील ‘वामन’ ही मुद्रा संतपरंपरेशी नाते सांगते, तशीच ती कर्तृत्वाची नोंदही असते. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील वाटा सुरक्षित केला. तथापि ज्याच्याकडे लेखी करार वा छापील संग्रह नाही, अशा ग्रामीण शाहिराला तो मिळवणे अवघड आहे. गाताना शेवटचे कडवे गाळले गेले, तर त्याचा अखेरचा पुरावाही नाहीसा होतो.

निष्कर्ष

१. आंबेडकरी जलशाने वंशपरंपरेने लादलेल्या कलेचे स्वेच्छेने स्वीकारलेल्या कलेत रूपांतर केले.

२. वर्गणीवर आधारित लोकाश्रयामुळे गीत व्यक्तिस्तुतीपासून व राजवटीच्या दडपणापासून बऱ्याच अंशी मुक्त राहिले. त्याची किंमत मात्र गायकाने आर्थिक अस्थैर्याच्या रूपाने मोजली.

३. नाममुद्रा हा मौखिक परंपरेतील कर्तृत्वाचा महत्त्वाचा पुरावा असल्याने संकलन करताना गीत शेवटच्या कडव्यासह नोंदवणे अत्यावश्यक आहे.

जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी, इतिहास व संगीत विभागांनी हयात गायकांच्या वह्या, ध्वनिफिती व आठवणी त्यांच्या संमतीने व त्यांच्या नावासह जतन कराव्यात. वही हरवली आणि गायक गेला, की त्या गीताचा कर्ता पुन्हा शोधता येत नाही.