मुलांच्या वॉर्डात एआय : सिस्टरना नेमकं काय शिकवायला हवं?

सीमाभागातलं कमी वजनाचं बाळ काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली, की घरचे बेळगाव, कोल्हापूर नाहीतर गोवा गाठतात. तिथे आई-वडिलांना आत थोडाच वेळ सोडतात. बाकी रात्रंदिवस बाळाजवळ असतात त्या सिस्टर आणि मॉनिटर. या मॉनिटरच्या जोडीला आता आर्टिफिशियल इंटेलिजन्स, म्हणजे एआय, येऊ लागलंय. त्यामुळे मशीनवर विश्वास कधी ठेवायचा आणि कधी नाही, हे सिस्टरना शिकवणं गरजेचं झालंय.

मशीनचा फायदा होतो का?

होतो. बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरायला लागला, की बाहेरून काही दिसायच्या आधीच हृदयाच्या ठोक्यांची लय बदलू शकते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी हा बदल हेरून धोक्याचा आकडा दाखवणारी पद्धत तयार केली. १५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या ३००३ बाळांवर तिची चाचणी झाली आणि निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. आकडा सगळ्याच बाळांचा काढला, पण डॉक्टर-नर्सना तो निम्म्या बाळांचाच दाखवला. आकडा दिसत नव्हता त्या गटात मृत्यूचं प्रमाण १०.२ टक्के होतं. दिसत होता तिथे ८.१ टक्के. म्हणजे शंभरामागे साधारण दोन बाळं जास्त वाचली.

मात्र त्या आकड्याने स्वतः कुठलाच उपचार केला नाही. आकडा वाढल्यावर कुणीतरी बाळाजवळ गेलं, तपासलं, डॉक्टरांना बोलावलं, म्हणून फरक पडला.

मग धोका कुठे आहे?

मशीन गप्प राहतं तिथे. अमेरिकेतल्या अनेक हॉस्पिटलांत वापरल्या जाणाऱ्या अशाच एका इशारा यंत्रणेची मिशिगन विद्यापीठाच्या हॉस्पिटलात मोठ्या माणसांवर पडताळणी झाली. २०२१ मधल्या त्या अभ्यासात सेप्सिस झालेल्या दर तीन पेशंटपैकी सुमारे दोन तिने ओळखलेच नाहीत. उलट दाखल पेशंटपैकी १८ टक्क्यांच्या बाबतीत अलार्म वाजला, त्यातले बरेच विनाकारण. सतत वाजणाऱ्या अलार्मकडे माणूस हळूहळू दुर्लक्ष करतो, हे वॉर्डात काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

मुलांचं गणित तर आणखी वेगळं. नवजात बाळाचे ठोके मिनिटाला १४० असले तर चिंता नसते. दहा वर्षांच्या मुलाचे शांत झोपेत १४० असले तर डॉक्टरांना बोलवावं लागतं. मोठ्यांच्या माहितीवर तयार झालेला प्रोग्राम मुलांना जसाच्या तसा लावता येत नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही तसंच. मोठ्या पेशंटवरच्या २०२० मधल्या अमेरिकी अभ्यासात, काळ्या वर्णाच्या लोकांतली ऑक्सिजनची कमतरता त्याने गोऱ्यांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा हुकवली. सावळ्या बाळांच्या आपल्या वॉर्डांनी हे लक्षात ठेवायला हवं.

रोबोचं काय?

बोस्टनच्या बाल रुग्णालयात ३ ते १० वर्षांच्या ५४ मुलांवर एक प्रयोग झाला. काहींना साधं टेडी दिलं, काहींना टॅबलेटवरचं, काहींना बोलणारं रोबो-टेडी. रोबोसोबत मुलं जास्त खुलली. पण तो रोबो पडद्यामागून एक प्रशिक्षित माणूसच चालवत होता.

प्रशिक्षणात काय हवं?

- अलार्म वाजला की आधी बाळाकडे बघायचं : रंग, श्वास, हालचाल. मग स्क्रीन.
- अलार्म नसला तरी आई म्हणाली "बाळ मलूल वाटतंय, दूध ओढत नाही", तर ते लिहून डॉक्टरांना लगेच कळवायचं.
- आई मराठीत, कन्नडात किंवा कोकणीत बोलते आणि फॉर्म इंग्रजीत असतो. तिचे शब्द भाषांतरात हरवू द्यायचे नाहीत.
- औषधाचा डोस वजनावर ठरतो. एआयने काढलेला डोस हातानेही मोजायचा. दशांश चिन्ह एक घर सरकलं तर डोस दसपट होतो.
- मुलांचे फोटो, रिपोर्ट फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकायचे नाहीत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानलंय.
- वीज, नेटवर्क गेल्यावर काम कसं चालवायचं, याची तालीम करायची.

भारतीय परिचर्या परिषदेच्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात दुसऱ्या सेमिस्टरला नर्सिंग इन्फर्मेटिक्सचा विषय आहे : ४० तास थिअरी, ४० तास लॅब. राज्य कुठलंही असो, अभ्यासक्रम एकच. पण आधीच पास होऊन नोकरीला लागलेल्या सिस्टरना तो मिळालेला नाही. मशीन घेताना त्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च आणि ड्युटीतला वेळ त्याच बजेटमध्ये धरायला हवा. आणि मशीनच्या विरुद्ध मत दिलं म्हणून सिस्टरला बोलणी बसणार नाहीत, हे हॉस्पिटलने लेखी द्यायला हवं. रात्री दोन वाजता स्क्रीन हिरवी दाखवत असताना डॉक्टरांना उठवायचं, तर तेवढा आधार लागतोच.

पालकांनीही दोन प्रश्न बिनधास्त विचारावेत : हे मशीन माझ्या बाळाच्या वयाच्या मुलांवर तपासलंय का? आणि रात्रपाळीला ते समजणारं कोण आहे?