फॉरमॅट मारण्याआधी

जून म्हणजे दाखल्यांचा महिना. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमिलेअर यांसाठी निमगाव केतकीसारख्या मोठ्या गावांतल्या सेवा केंद्रांवर पालकांची आणि पोरांची रीघ लागते. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम गावात असतो, त्याचीही लगबग याच सुमारास. त्यात पावसाळा तोंडावर आणि लाइटीचा खेळ चालू. अशा दिवसांत केंद्रातला कॉम्प्युटर सुरू होता होता थांबला आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत चार ओळी उमटल्या, की चालवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मशीन गाडीवर बांधून इंदापूर नाहीतर बारामती गाठायची, आणि तिथं बहुतेकदा एकच निदान ऐकायला मिळतं: "विंडोज उडालंय दादा, फॉरमॅट मारावं लागेल."

यातलं पहिलं वाक्य पुष्कळदा अर्धवट खरं असतं आणि दुसरं अनावश्यक.

बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरचा बायोस जागा होतो. नव्या मशीनमध्ये त्याच्या जागी यूईएफआय असतं. तो मेमरी, कीबोर्ड, डिस्क तपासतो आणि बूट लोडर नावाच्या एका छोट्या प्रोग्रामच्या हाती सूत्रं देतो. विंडोज नेमकं कुठं आहे हे बूट लोडरला स्वतःहून माहीत नसतं. त्यासाठी तो एक नोंद वाचतो: अमुक डिस्क, तिचा अमुक भाग, त्यातलं अमुक फोल्डर. ही नोंद बिघडली तर विंडोज, तुमचे फोटो, दाखल्यांच्या पीडीएफ, सगळं जागच्या जागी असूनही मशीन पुढं सरकत नाही. पाहुण्याच्या हातातली पत्त्याची चिठ्ठी पावसात भिजली म्हणून कुणी घर पाडून नवं बांधत नाही. फॉरमॅट मारताना मात्र आपण तेच करतो.

2001 साली आलेल्या विंडोज एक्सपीत ही नोंद ‘बूट डॉट आयएनआय’ नावाच्या साध्या फाइलमध्ये असे. नोटपॅडमध्ये उघडली तर जेमतेम पाच-सहा ओळी. एका ओळीत किती सेकंद थांबायचं ते, सहसा 30. दुसरीत विंडोजचा पत्ता. त्या पत्त्यात एक गंमत होती. डिस्कची मोजणी शून्यापासून, पण डिस्कच्या भागांची म्हणजे पार्टिशनची एकपासून. हाताने फाइल दुरुस्त करणारा इथंच हमखास फसायचा. कुणी डिस्कवर नवं पार्टिशन पाडलं आणि जुन्यांचे क्रमांक बदलले, तरी पत्ता चुकायचा. मग पडद्यावर संदेश यायचा, की ‘एचएएल डॉट डीएलएल’ ही फाइल हरवली आहे किंवा बिघडली आहे. बऱ्याचदा ती फाइल धडधाकट असायची, लोडर तिला भलत्याच पार्टिशनमध्ये शोधत असायचा. संदेशावर विश्वास ठेवून किती मशीन विनाकारण फॉरमॅट झाल्या असतील!

व्हिस्टापासून, म्हणजे 2007 पासून, या फाइलची जागा बीसीडीने घेतली. ती नोटपॅडमध्ये वाचता येत नाही. नव्या मशीनमध्ये ती डिस्कवरच्या एका लहानशा, ड्राइव्हचं अक्षर नसलेल्या पार्टिशनमध्ये असते, त्यामुळे एरवी नजरेलाच पडत नाही. बिघडण्याची कारणं आपल्या ओळखीची आहेत. अपडेट चालू असताना लाइट जाते. जुन्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर विंडोज हलवताना ते छोटं पार्टिशन मागंच राहतं. किंवा दोन डिस्कच्या मशीनमधली ‘रिकामी’ म्हणून काढून टाकलेली डिस्क हीच नेमकी बीसीडी सांभाळत असते.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. आधी बायोसमध्ये जाऊन डिस्क दिसते का पाहावं. दिसत नसेल तर दोष या फाइलचा नाही, केबलचा किंवा खुद्द डिस्कचा असू शकतो. घड्याळ कैक वर्षं मागं गेलं असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर 2032 हा चपटा सेल संपला आहे. सेल संपला की बायोसची सेटिंग मूळपदावर जातात, आणि तेवढ्यानंही विंडोज अडतं. त्यानंतर लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करून कामाच्या फाइली बाहेर काढाव्यात. डेटा हाती असला की पुढचं काम निर्धास्त होतं.

मग विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून ‘रिपेअर’मध्ये शिरून स्टार्टअप रिपेअर चालवायचं. त्यानं भागलं नाही तर कमांड प्रॉम्प्ट. इथं एक खाच आहे: या अवस्थेत ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, रोजचा सी तिथं डी असतो. म्हणून विंडोजचं फोल्डर कुठल्या अक्षराखाली आहे ते आधी बघायचं आणि मगच ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा त्या फोल्डरचा पत्ता देऊन चालवायची. ती बूटच्या फाइली नव्यानं लिहिते. डिस्क निरोगी असेल तर याला काही मिनिटं पुरतात. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर मात्र आधी 48 अंकी रिकव्हरी की लागते.

एका फाइलपायी मशीन कशी अडते, हे 19 जुलै 2024 ला जगानं मोठ्या प्रमाणावर पाहिलं. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा प्रणालीची एक सदोष कॉन्फिगरेशन फाइल पोहोचली आणि सुमारे 85 लाख विंडोज मशीन बंद पडल्या. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तिथं बिघाड बीसीडीचा नव्हता, पण सुरू होतानाच वाचली जाणारी एक लहानशी फाइल अख्ख्या मशीनला कशी अडवते ते दिसलं. इलाजही तसाच होता: मशीन सेफ मोडमध्ये सुरू करायची आणि ती एक फाइल पुसायची. कुणी लाखो डिस्क फॉरमॅट करत बसलं नाही.

"डी ड्राइव्हमधलं काही जाणार नाही," असं दुकानदार सांगतो आणि ते खरंही असतं. पण आपल्याकडे सगळं डेस्कटॉपवर साठवायची सवय आहे, आणि डेस्कटॉप सहसा सी ड्राइव्हवरच असतो. शिवाय श्रीलिपी, अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस, प्रिंटर, सगळं पुन्हा बसवण्यात दाखल्यांच्या हंगामातला दिवस जातो. दुकानदाराचीही अडचण समजून घ्यायला हवी. फॉरमॅटचा दर ठरलेला असतो आणि काम हमखास होतं, तपासणीत तासभर घालवला तर गिऱ्हाईक म्हणतं, "नुसतं बघायचे कसले पैसे?" ते पैसे द्यावेत. मशीन टेबलावर ठेवतानाच सांगावं, की आधी डेटा काढा, मग बूट दुरुस्त करून बघा, आणि फॉरमॅट मला विचारल्याशिवाय मारू नका. बिटलॉकरची रिकव्हरी की सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. तिची छापील प्रत मशीन चालू आहे तोवरच काढून बिलाच्या फाइलीत लावलेली बरी.