दुजैलचे दोन खटले

बगदादच्या उत्तरेला साधारण साठ किलोमीटरवर दुजैल नावाचे गाव आहे. फळबागांचे, शिया वस्तीचे. ८ जुलै १९८२ रोजी सद्दाम हुसेनच्या ताफ्यावर इथे गोळीबार झाला. सद्दाम बचावला, आणि मग गावाची पाळी आली. घरेच्या घरे उचलली गेली, बायकामुलांना दूर वाळवंटातल्या छावणीत वर्षानुवर्षे डांबले, बागांवर बुलडोझर फिरवले. जून १९८४ मध्ये क्रांती न्यायालयाने गावच्या १४८ जणांना फाशी ठोठावली. त्यांतले काही अठरा वर्षांच्या आतले होते आणि चाळीसहून अधिक जण तर शिक्षेआधी चौकशीतच मेले होते. मेलेल्याला फाशी सुनावणाऱ्या न्यायालयात कामकाज कसे चालत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. राष्ट्राध्यक्ष म्हणून सद्दामने त्या शिक्षांवर सही केली. हा दुजैलचा पहिला खटला.

दुसरा खटला १९ ऑक्टोबर २००५ रोजी बगदादमध्ये उभा राहिला. या वेळी आरोपी होता सद्दाम, आणि त्याच्यासोबत अवाद अल-बंदर, म्हणजे १९८४च्या न्यायालयाचा प्रमुख. न्यायाचा देखावा करून माणसे मारली, हाच बंदरवरचा आरोप. ज्याने देखावा केला त्याला शिक्षा देणारा खटला स्वतः देखावा असून कसे चालेल? पायउतार झालेल्या हुकूमशहाची न्याय्य खटल्याची लायकी आहे का, असे लोक विचारतात. सद्दामची नसेलही. पण दुजैलकरांचा पहिल्या खटल्याविरुद्धचा दावा खरा ठरायचा, तर दुसरा खटला चोख चालायलाच हवा होता.

याच्या विरोधातला सगळ्यांत धारदार युक्तिवाद फ्रेंच क्रांतीतल्या रोबेस्पिएरचा. डिसेंबर १७९२ मध्ये त्याने मांडले की, सोळाव्या लुईवर खटला चालवणे म्हणजे तो निर्दोष असू शकतो हे मान्य करणे. आणि राजा निर्दोष, तर क्रांतीच गुन्हेगार. म्हणून खटला नकोच, थेट मृत्यू. तर्क बिनतोड वाटतो खरा. पण ही चटक एका राजावर भागत नाही. जून १७९४च्या कायद्याने पॅरिसच्या क्रांती न्यायालयातून (नाव तेच!) आरोपीचा वकीलच हद्दपार केला. पुढच्याच महिन्यात खुद्द रोबेस्पिएर निव्वळ ओळख पटवून गिलोटिनखाली गेला.

रुमानियाने तर तासाभरात उरकले. २५ डिसेंबर १९८९ला तिर्गोविश्तेच्या लष्करी तळावर हुकूमशहा चाउशेस्कू आणि त्याच्या पत्नीवर साठ हजारांच्या हत्याकांडाचा आरोप ठेवला गेला. बचावाचा वकीलच अशिलांवर तुटून पडला. निकाल लागताच दोघांना भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या. त्या क्रांतीत प्रत्यक्षात हजाराच्या थोडे वर लोक मेले, आणि त्यांतले बहुतेक चाउशेस्कू राजधानीतून पळाल्यावर. मग त्या गोळ्या कोणी झाडल्या? हे विचारायला जी चौकशी लागते, ती न झाल्याने सोय कुणाची झाली, हे उघड आहे. त्याच्या जागी आलेल्या इलिएस्कूवर आरोप ठेवले गेले ते २०१८ मध्ये.

बगदादचा खटला या पातळीवर उतरला नाही, हे मान्य केले पाहिजे. सुनावणी दूरचित्रवाणीवर दिसत होती. कागदपत्रे पुढे आली, तज्ज्ञांनी सद्दामची सही ओळखली. मार्च २००६ मध्ये तर त्यानेच सांगितले की या लोकांना न्यायालयात मीच पाठवले, बागा मीच पाडायला लावल्या, यात गुन्हा कुठला? याहून भक्कम पुरावा कोणत्या सरकारी वकिलाला मिळतो? म्हणूनच पुढचे वाचताना हळहळ वाटते. खटला सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी बचाव पक्षाच्या एका वकिलाला पळवून ठार केले. खटला संपेपर्यंत असे तिघे गेले. आरोपींना बोलू देतो म्हणून मुख्य न्यायाधीश रिजगार अमीन यांच्यावर चहूबाजूंनी टीका झाली आणि जानेवारीत त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले रौफ अब्दुल रहमान मूळचे हलब्जाचे, म्हणजे सद्दामच्या राजवटीने १९८८ मध्ये विषारी वायू सोडला त्या गावचे. माणूस सचोटीचा असेल, पण निवड चुकीचीच. ५ नोव्हेंबरला फाशी सुनावली. सविस्तर निकालपत्र वकिलांच्या हाती पडले तेव्हा अपिलाची निम्म्याहून अधिक मुदत संपली होती. २६ डिसेंबरला अपील फेटाळले गेले आणि ३० तारखेला, बकरी ईदच्या पहाटे, फाशी झाली. सणाच्या दिवशी फाशी देऊ नये, असे इराकचाच कायदा सांगतो. फासाजवळचे लोक शिया नेता मुक्तदा सद्रच्या नावाचा गजर करीत होते आणि कुणीतरी मोबाईलवर चित्रण करीत होते. जगाने ते पाहिले, आणि जन्मभर दुसऱ्यांना फासावर चढवणारा माणूस त्या दृश्यात सगळ्यांत शांत दिसला. सद्दामला ही भेट त्याच्या शत्रूंनी दिली.

मुंबई हल्ल्यातल्या कसाबला वकील कशाला, असे आपल्याकडेही विचारले गेलेच. तो हुकूमशहा नव्हता, पण प्रश्न हाच होता. वकील दिला गेला, आणि त्याच खटल्यात दोन भारतीय सहआरोपी पुराव्याअभावी सुटले. घाई केली असती तर तेही लटकले असते.

हे हुकूमशहाच्या बाबतीतही जमते. चाडचा हिसेन हाब्रे १९९० मध्ये सेनेगलला पळाला. चाडच्या चौकशी आयोगाच्या अंदाजाने त्याच्या राजवटीत चाळीस हजार माणसे मेली. पीडितांनी पंचवीस वर्षे पिच्छा पुरवला तेव्हा कुठे २०१५ मध्ये डाकारला खास न्यायालयापुढे खटला सुरू झाला. हाब्रे न्यायालय मानेना, त्याच्या वकिलांनी बहिष्कार टाकला. न्यायालयाने दुसरे वकील नेमले आणि त्यांना अभ्यासासाठी पंचेचाळीस दिवस कामकाज थांबवले. नव्वदहून अधिक साक्षी झाल्या, जन्मठेप झाली. २०१७च्या अपिलात त्याने स्वतः केलेल्या बलात्काराचा एक आरोप रद्द ठरला. साक्षीदार खोटी म्हणून नव्हे, तो आरोप उशिरा आला म्हणून. जन्मठेप कायम राहिली आणि २०२१ मध्ये तो कैदी म्हणूनच मेला.

सद्दामला मात्र फाशी झाली तेव्हा त्याच्यावर आणखी एक खटला चालू होता, कुर्दांविरुद्धच्या अनफाल मोहिमेचा. १९८८च्या त्या मोहिमेत किमान पन्नास हजार जण मारले गेले, असा ह्यूमन राइट्स वॉचचा अंदाज आहे. कुर्द स्वतः १,८२,००० सांगतात. वायुहल्ल्यातून वाचलेले गावकरी साक्ष देत होते आणि तो समोर बसून ऐकत होता. जानेवारी २००७ मध्ये त्याच्यावरचे हे आरोप, आरोपी मयत म्हणून, काढून टाकले गेले. जूनमध्ये सहआरोपी अली हसन अल-मजीद आणि आणखी दोघांना फाशी सुनावली गेली. सद्दामला अनफालबद्दल कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवलेले नाही. हलब्जाबद्दलही नाही.