विश्लेषण : रविवारी चर्चमध्ये काय वाचायचे, हे कोण ठरवते?

३० मार्च २०२५ च्या रविवारी वसईतल्या मराठी मिस्सेत लूकच्या शुभवर्तमानातली उधळ्या मुलाची गोष्ट वाचली गेली. त्याच दिवशी रोममध्ये आणि जगभरातल्या कितीतरी अँग्लिकन, लुथरन, मेथडिस्ट चर्चमध्येही तीच गोष्ट होती. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट साधारणपणे आजही एकत्र प्रभुभोजन घेत नाहीत. पाचशे वर्षांची ती फूट कायम आहे. तरी रविवारी बायबलमधले काय वाचायचे, याचे वेळापत्रक मात्र त्यांच्यात बरेचसे सामाईक झाले आहे. या वेळापत्रकाला ‘लेक्शनरी’ म्हणतात.

हा क्रम चालतो कसा?

ज्ञानेश्वरीच्या पारायणात पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत सारे वाचले जाते. लेक्शनरीचे तसे नाही. इथे उतारे निवडलेले असतात. कॅथलिक मिस्सेत रविवारी पहिले वाचन बहुधा जुन्या करारातले, मग स्तोत्र, दुसरे वाचन प्रेषितांच्या पत्रांतले आणि शेवटी शुभवर्तमान. हे चक्र तीन वर्षांचे असते. ‘अ’ वर्ष मत्तयचे, ‘ब’ मार्कचे, ‘क’ लूकचे. चौथ्या योहानाला स्वतंत्र वर्ष नाही. तो उपवासकाळात आणि ईस्टरच्या दिवसांत येतो. शिवाय मार्कचे शुभवर्तमान सर्वांत लहान असल्याने ‘ब’ वर्षातले पाच रविवार योहानाच्या सहाव्या अध्यायाला मिळतात.

कोणते वर्ष चालू आहे हे ओळखायची युक्ती सोपी आहे. सनाच्या आकड्याला तीनने नि:शेष भाग गेला तर ते ‘क’ वर्ष. २०२५ ला जातो. मात्र चर्चचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, नाताळच्या आधीच्या आगमनकाळात सुरू होते. त्यामुळे २०२६ चे ‘अ’ वर्ष ३० नोव्हेंबर २०२५ लाच सुरू झाले.

कॅथलिकांचा तक्ता प्रोटेस्टंटांकडे कसा गेला?

ठरलेले भाग ठरलेल्या आठवड्याला वाचण्याची रीत मुळात ज्यूंची. तोरा आठवड्यांत विभागून वर्षभरात पूर्ण करायची ही पद्धत कोकणातून आलेल्या मराठी भाषक बेने इस्राएल समाजालाही ओळखीची आहे. ख्रिस्ती चर्चनी पुढे आपापले क्रम बांधले. रोमन कॅथलिक चर्चचा क्रम कित्येक शतके एकाच वर्षाचा होता. दरवर्षी तेच उतारे, तेही लॅटिनमध्ये, आणि रविवारी जुना करार जवळपास नाहीच.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. बायबलचे भांडार लोकांसाठी अधिक उदारपणे खुले करावे, असे त्यात सांगितले होते. त्यातून १९६९ मध्ये तीन वर्षांचा नवा क्रम आला. प्रोटेस्टंटांना तो आवडला आणि सत्तरच्या दशकात उत्तर अमेरिकेतल्या अनेक चर्चनी आपापल्या सोयीने बदल करून तो घेतला. प्रत्येकाचा तक्ता थोडा वेगळा होऊ लागला, तेव्हा ‘कन्सल्टेशन ऑन कॉमन टेक्स्ट्स’ या संस्थेने १९८३ मध्ये सामाईक मसुदा काढला आणि १९९२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती. कॅथलिक प्रतिनिधीही या संस्थेत आहेत, पण कॅथलिक चर्चने मिस्सेसाठी स्वतःचाच क्रम कायम ठेवला.

मतभेद कशावर होता?

मुख्यतः जुन्या करारावर. कॅथलिक क्रमात त्यातला उतारा बहुतेक वेळा त्या दिवशीच्या शुभवर्तमानाशी जुळणारा निवडतात. त्यामुळे अब्राहाम, मोशे, दावीद यांच्या कथा तुकड्यातुकड्यांनी येतात आणि ज्यूंचा धर्मग्रंथ येशूच्या कथेची नुसती प्रस्तावना वाटू लागतो, हा आक्षेप रास्तच होता. म्हणून सुधारित क्रमाने पेंटेकॉस्टनंतरच्या रविवारांसाठी दोन पर्याय दिले. एकात जुनी जुळवणी, दुसऱ्यात जुन्या करारातल्या कथा सलग. ऑर्थोडॉक्स आणि सिरियन परंपरांचे क्रम वेगळेच आहेत. पेंटेकॉस्टल आणि बहुतेक बॅप्टिस्ट चर्चमध्ये उतारा पाळकच निवडतो.

पाळकाचे हात बांधले जात नाहीत का?

जातात, आणि हेतूही बराचसा तोच आहे. निवड हातात असली की आवडते उतारे पुन्हा पुन्हा येतात, अडचणीचे मागे राहतात. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतरचा रविवार होता १६ सप्टेंबर, वर्ष ‘क’. त्या दिवशीचे शुभवर्तमान आधीच ठरलेले होते: हरवलेले मेंढरू आणि पाप्यांबरोबर जेवणारा येशू. कॅथलिकांच्या पहिल्या वाचनात मोशे देवाला कोप आवरण्याची विनवणी करतो. सुधारित क्रमाच्या एका पर्यायात यिर्मयाला उद्ध्वस्त झालेली नगरे दिसतात. हादरलेल्या, संतापलेल्या लोकांसमोर नेमके काय बोलावे, हे त्या दिवशी कोणालाच सोपे नव्हते. पण ज्या पाळकांनी क्रम सोडला नाही, त्यांना सूडाला सोयीचा उतारा शोधण्याची मोकळीक नव्हती.

मग जे वाचले जात नाही त्याचे काय?

लेक्शनरीवरची सर्वांत जड टीका हीच आहे. रविवार, सण आणि आठवड्याचे दिवस धरून कॅथलिक क्रमात नव्या कराराचा सुमारे ७० टक्के भाग येतो, पण स्तोत्रे वगळता जुन्या कराराचा जेमतेम १३-१४ टक्के. घरी बायबल न उघडणाऱ्या भाविकापुरते उरलेले बायबल जणू नसतेच.

काही कात्र्या तर खटकाव्यात अशा आहेत. निर्गमच्या पहिल्या अध्यायात शिप्रा आणि पुवा या सुइणी, इब्री बायकांना झालेले मुलगे मारून टाका, हा फारोचा हुकूम मोडतात. कॅथलिक क्रमात हा अध्याय आठवड्याच्या एका दिवशी येतो, पण वाचन चौदाव्या वचनावर थांबून थेट बावीसवर उडी घेते. सुइणी नेमक्या मधल्या सात वचनांत आहेत. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायातही वाचन तिसऱ्या वचनापासून सुरू होते. पौल ज्या फिबीची मंडळीची सेविका म्हणून शिफारस करतो, ती पहिल्या दोन वचनांत आहे. अशा वगळलेल्या स्त्रियांना जागा देण्यासाठी अमेरिकी अभ्यासक विल्डा गॅफनी यांनी २०२१ पासून स्त्रियांना केंद्रस्थानी ठेवणारी वेगळी लेक्शनरीच प्रसिद्ध केली.

सुधारित क्रमाच्या सलग कथांच्या पर्यायात मात्र सुइणींची गोष्ट पूर्ण आहे, तीही रविवारी. ‘अ’ वर्षातला हा उतारा २०२६ मध्ये २३ ऑगस्टला येतो.